ओठांवरची गोष्ट

माझ्या गोष्टीतला सखाराम धुळ्याकडून सुरतेत आला, कापडाच्या लूमवर उभा राहिला आणि इथंच राहिला. डिंडोलीतल्या कथावाचनाच्या कार्यक्रमाचे संयोजक दीपकसर म्हणाले, "शेवटी त्याला गावी पाठवा. स्थलांतरिताची कथा आहे, डोळ्यांत पाणी यायला हवं." शेवट बदलला तरच ती त्यांच्या पुस्तकात येणार होती. माझं नाव आजवर कुठंच छापलेलं नव्हतं. मी बदलला. लाज वाटली, तरी बदलला.

दुपारी सभागृहात पुढे इस्त्रीच्या कपड्यांतले लोक बसले, मागे आमच्या खात्यातले, म्हणजे लूमच्या कारखान्यातले. त्यांच्या मधोमध मला लूम शिकवणारे लोटूआबा. मी वाचू लागलो. पंखे घरघरत होते. उन्हाच्या पट्ट्यात बारीक तंतू तरंगत होते. घरघर वाढत गेली, भिंती लांब सरकल्या, आणि मी जणू माझ्या चार लूमांमध्ये उभा होतो. सखाराम समोरून चालत येत होता. नाक मी त्याला आबांचं दिलं होतं, जरा वाढवून.

पान उलटलं तेव्हा पुढचे लोक एकमेकांकडे बघत होते. दीपकसर माइक ठोकत होते. माइक चांगला होता. मीच नुसते ओठ हलवत होतो. खात्यात खडखडाटापुढे आवाज चालत नाही, ओठ वाचावे लागतात. बावीस वर्षांची सवय.

मागून लोटूआबांचे ओठ हलले, "थांबू नको. आमले समजी राहिनं. पन मना नाक येवढं मोठं नही, भो."

मागची अख्खी रांग हसली, आवाज न करता.

"मंग? गया का तो गावले?"

कागदावर तो गेला होता. मी कागद खाली ठेवला आणि ओठांनीच सांगितलं, "नाही. इथल्याच गोडादऱ्याच्या खोलीला त्यानं नवी खिडकी पाडली."

"कोनता बाजूले?"

"खात्याच्या."

आबा बराच वेळ त्या खिडकीतून बघत राहिले.

"शेवट तरी मोठ्यानं वाचा," दीपकसर कानाशी म्हणाले.

वाचला. "सखाराम गावी गेला नाही. कुणाला रडायचं असेल त्यानं स्वतःच्या गावासाठी रडावं."

दीपकसरांनी तिथंच पुस्तकाच्या यादीतलं माझं नाव खोडलं. पेनाचा आवाज माइकवर आला. टाळ्या नाहीत.

मागे आबांचे ओठ परत हलले, "खिडकीले गज लावजो. चोर भलता शेतस."