ऑरिनचे ओले बूट

ओबर्ली धक्क्यावरचा कुणी नावाडी हिवाळ्यात गेला, तर त्याचे मांडीपर्यंतचे रबरी बूट ओसरीच्या आढ्याला उलटे नाही, सरळ टांगायचे. टाचा खाली, तोंडं वर, जणू मालक आत उभाच आहे. ते उतरवायचे कधी? तर वसंतात शॅड मासे नदीत चढू लागले, की मयताच्या होडीशेजारी नांगर टाकणाऱ्याने, आणि त्यानेच, गाभोळीचा पहिला मासा त्याच्या दारात नेऊन द्यायचा. मग बूट खाली येतात आणि होड्यांच्या रांगेतली त्याची रिकामी जागा दुसऱ्याला मिळते. मासा पोचलाच नाही, तर बूट आणखी एक वर्ष लटकतात. असं एकदाच घडलं होतं, आणि त्या घरात पुढं काय झालं ते धक्क्यावर कुणी जेवताना बोलत नाही.

ऑरिन ट्रॅच जानेवारीत गेला. त्याच्या शेजारी नांगर टाकणारा होता विल्मर हार्ट्झेल. वय बहात्तर, गुडघे त्याहून थोरले.

काम तसं अवघड नव्हतं. शॅड म्हणजे आपल्या पाला माशाची परदेशातली थोरली बहीण: तीच चांदी, तेच पोतंभर काटे, तीच समुद्र सोडून गोड्या पाण्यात येऊन अंडी घालायची खोड. एप्रिलात डेलावेअर नदीत ती हजारोंनी चढते. वाटेत काही खात नाही. पण नाकासमोर काही वळवळलं की चिडून तोंड मारते. म्हणून केसाएवढी बारीक दोरी, वेताच्या छडीसारखी लवचीक काठी आणि टोकाला डार्ट: शिशाचा रंगवलेला थेंब, मागं हरणाच्या शेपटीचे चार केस. माशाचं तोंड कागदाचं. ओढलंत की फाटलं. त्याला नवरीसारखं मनवत आणावं लागतं.

विल्मरने पन्नास वर्षं मनवून आणले होते. यंदा मात्र एकही येईना.

पहिला मासा लागला तो झुडपांवर पांढरी फुलं आली त्याच संध्याकाळी. जड, गाभोळीचा, हाताला कळतंच. विल्मरने होडीपाशी आणला, हातजाळं पाण्यात बुडवलं, आणि काठी एकदम सरळ झाली. त्याने दोरी गुंडाळून टोक बघितलं, मग पुन्हा बघितलं.

आता तुटलेल्या दोरीचं टोक कसं असतं, ते धक्क्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. ताणून तुटली तर डुकराच्या शेपटीसारखी वळते. दगडाला घासली तर पिंजते. हे टोक सरळ होतं. कापल्यासारखं.

"काय झालं रे म्हाताऱ्या?" पलीकडच्या होडीतून क्लेट ओरडला. पन्नाशीचा हा गडी गॅरेज चालवायचा आणि जीभ त्याहून जोरात.

"तुटली."

"दोरी कुठली? आजीच्या विणकामातली?"

रांग हसली. ऑरिनच्या रिकाम्या जागेतलं पाणी तेवढं गप्प वाहत होतं.

दुसरा मासा तसाच गेला. तिसराही. प्रत्येक वेळी होडीपासून दोन हातांवर, प्रत्येक वेळी टोक सरळ. विल्मरने दोरी बदलली, रीळ बदललं. गळ्यात दोऱ्याला अडकवलेलं नेलकटर (दोरी कापायला ते सगळेच बाळगतात) घरी खणात कुलूप लावून ठेवलं. चौथा मासाही कापून गेला. पाचव्याच्या वेळी त्याने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. उघडले तेव्हा काठी सरळ. सहावा गेला तेव्हा क्लेटसुद्धा हसला नाही.

"विल्मरबाबा," तो हळूच म्हणाला, "नदीशी काही वाकडं आहे का तुमचं?"

वाकडं होतं. पण नदीशी नव्हे.

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. धक्क्यावरच्या शेडमध्ये एक फळी आहे, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या माशाचं वजन आणि धन्याचं नाव तिच्यावर रंगवतात. त्या साली नाव विल्मरचं होतं, सहा पौंड. हंगाम संपायला एक संध्याकाळ उरली असताना ऑरिनच्या गळाला असा मासा लागला, की त्याची होडी नांगरासकट फिरली. फिरता फिरता त्याची दोरी विल्मरच्या दोरीत गुंतली. नदीचा कायदा साधा: दोऱ्या गुंतल्या की विचारायचं, "मासा आहे?" ज्याला नाही त्याने निमूट आपली दोरी कापायची.

"मासा आहे?" ऑरिनने विचारलं होतं.

"नाही," विल्मरने खरं ते सांगितलं. गुंता चिमटीत धरला, नेलकटर उचललं. चिमटीत दोन दोऱ्या होत्या. एक मेलेली, एक धडधडणारी. त्याने धडधडणारी कापली.

"तुटली रे लेका," तो म्हणाला होता.

ऑरिनने रीळ गुंडाळून टोक डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "तुटली तर तुटली. कॉफी आहे का तुझ्याकडं?"

त्यानंतर वीस हंगाम तो विल्मरच्या शेजारी बसला. विल्मरच्याच थर्मासमधली कॉफी प्यायला. त्या संध्याकाळचं नाव काढलं नाही. माणसाने एकदा शिवी हासडावी, कानफटात मारावी आणि मोकळं करावं. पण ऑरिन विनोद सांगायचा, आणि मधेच थांबून विल्मरच्या गळ्यातल्या नेलकटरकडं बघायचा.

मे उजाडला. अंगणाअंगणातून लायलॅक फुलला. लायलॅक फुलला की शॅडची चढण संपली. उद्या-परवा पाणी कोमट होणार आणि नदी रिकामी. त्या दुपारी ऑरिनची बायको व्हर्ना धक्क्यावर आली. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. भुताखेतांना ती अपूर्णांकांइतकीही भीत नसे. पण डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"विल्मर, मासा कुठाय?"

"येतोय. म्हणजे, येत नाहीये."

"हे बघ, मी स्पष्ट बोलते. ते बूट रोज सकाळी ओले असतात."

"दव पडत असेल."

"आतून ओले, विल्मर. चिखलाचे ठसे ओसरीच्या पायरीपर्यंत येतात आणि तिथून परत फिरतात. दाराशी येत नाही तो. तिथंच उभा राहतो रात्रभर. त्रेपन्न वर्षं संसार केला मी त्याच्याशी, तो माझ्यावर रुसलेला नाही हे मला कळतं. मग कुणाची वाट बघतोय?"

विल्मर होडीतली दोरी उगाच गुंडाळू लागला.

"आणखी एक वर्ष हे मला झेपायचं नाही," व्हर्ना म्हणाली. "सरक तिकडं. मी येते होडीत."

नांगर पडला तेव्हा ऊन पलीकडच्या काठाच्या झाडांवर गेलं होतं. रांगेतले सगळे होते. शेवटची संध्याकाळ कोण चुकवणार? व्हर्ना मांडीवर हातजाळं घेऊन परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखी बसली. विल्मरने डार्ट फेकला, प्रवाहात वळू दिला. पाचव्या फेकीला काठी वाकली.

"गाभोळीचा आहे," तो पुटपुटला. मासा दोनदा पाण्याबाहेर उडाला, चांदीचं ताट फेकल्यासारखा. विल्मरने मनवला, सैल सोडला, पुन्हा मनवला. मासा दहा हातांवर आला, आणि ऑरिनच्या रिकाम्या जागेतून काहीतरी आडवं येऊन त्याच्या दोरीत गुंतलं.

दोरीच होती. जुनी, पिवळसर पडलेली. ती दुकानात मिळेनाशी होऊन पंधरा वर्षं झाली असतील. गुंता होडीच्या कडेला आला तसा विल्मरने तो चिमटीत धरला. चिमटीत दोन दोऱ्या. या वेळी दोन्ही धडधडत होत्या.

"कुणाची रे ही?" क्लेट उठून उभा राहिला. "माझी तर वर आहे!"

रांगेतल्या सगळ्यांनी आपापल्या काठ्या उचलून दाखवल्या.

विल्मरने चिमूट सोडली नाही. त्या रिकाम्या पाण्याकडं तोंड करून त्याने विचारलं, "मासा आहे?"

चिमटीतली पिवळी दोरी तेवढी दोनदा ओढली गेली.

"ऐका सगळे," विल्मर म्हणाला. पाण्यावरून आवाज लांब जातो. "ऑरिनचा तो मासा तुटला नव्हता. मी कापला. मला मासा नव्हता, आणि मी त्याची दोरी कापली. फळीवरचं माझं नाव खोटं आहे. व्हर्ना, मी कापला गं."

व्हर्नाने त्याच्याकडं असं बघितलं, जणू गणितात सारखी येणारी चूक आता तिला सापडली असावी.

"मग आता काय करतोस?" ती म्हणाली.

कायद्याने त्याला काहीच करायचं नव्हतं. मासा त्यालाही होता. हंगामातला शेवटचा, गाभोळीचा, बूट उतरवणारा. तो कापला तर उरते ती पाण्यातून आलेली एक पिवळी दोरी, जिच्या टोकाला काय आहे ते देवाला ठाऊक. विल्मरने गळ्याशी हात नेला. नेलकटर घरी, खणात.

व्हर्नाने पदरचं काढावं तसं झग्याच्या खिशातून एक काढलं. "त्याचं आहे," ती म्हणाली.

विल्मरने आपली दोरी कापली. त्याचा मासा शेपटी आपटून निघून गेला.

मग दोघा म्हाताऱ्यांनी पिवळी दोरी हाताने ओढायला घेतली. व्हर्ना जाळं पुढं करत होती, विल्मर मनवत होता. आला तो मासा जाळ्यात मावेना. पोट गाभोळीनं फुगलेलं, पाठीवरचे खवले अंगठ्याएवढे, डोळा म्हातारा. ओठात लाल-पिवळा डार्ट, ऑरिन रंगवायचा तसा, मागचे केस झडून दोन उरलेले. दोरीचं दुसरं टोक ऑरिनच्या जागेतून आपोआप वर तरंगत आलं. विल्मरने ते उन्हाकडं धरलं.

सरळ होतं. ते टोक तो ओळखत होता.

शॅड दहा वर्षांपलीकडं जगत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं तो विषय कुणी काढला नाही. क्लेटने शेडमध्ये मासा काट्याला लावला: आठ पौंड एक औंस. विल्मरने पटाशी मागून घेतली आणि त्या सालचं आपलं नाव स्वतः तासून काढलं. ऑरिनचं नाव क्लेटने रंगवलं.

अंधार पडायच्या आत विल्मरने मासा दोन्ही हातांवर घेऊन ऑरिनच्या दारात नेला. ओसरीवर वारा नव्हता. बूट तरी जरासे हलत होते, बसमधून उतरायची तयारी करणाऱ्या माणसासारखे.

"उतरव," व्हर्ना म्हणाली. "माझ्याच्यानं होणार नाही, जड झालेत."

विल्मरने खिळ्यावरून काढले. खरंच जड होते, पाणी भरल्यासारखे. ओसरीच्या कडेला नेऊन त्याने उजवा पालथा केला. बादलीभर नदी अंगणात सांडली. डावा पालथा केला. पाण्याबरोबर पायरीवर टपटप काही पडलं.

डार्ट होते. विल्मरचे, हिरवे-पांढरे. प्रत्येकाला हातभर दोरी, प्रत्येकीचं टोक सरळ. व्हर्ना वाकून मोजायला लागली. तिची सवयच ती.

"सहाच गेले होते ना तुझे?"

"सहा."

"इथं सात आहेत."

विल्मरने सातवा उचलला. तासाभरापूर्वी त्याने स्वतः कापलेला. केसांमध्ये अजून चांदीचा एक खवला अडकला होता.

व्हर्नाने बुटात हात घालून तळापर्यंत चाचपडून बघितलं. मग कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं.

"मासा मात्र ठेवून घेतला बरं का त्यानं," ती म्हणाली, आणि गाभोळी तळायला आत गेली.