उंबरठ्याबाहेर भुऱ्या

ये.

ये ना.

भुऱ्या, घरात ये म्हणते ना मी.

भुऱ्या शेपूट हलवतो. जागचा हलत नाही.

रत्नमाला दारात उकिडवी बसून म्हाताऱ्या कुत्र्याला बोलावते आहे. सूर्य चिखल्याच्या मँगनीज खाणीमागे गेला आहे. उजेड आहे तोवरच काय ते. परवा बिबट खाणीच्या कॉलनीत येऊन गेला. शेजारच्या गोमाजीचा कुत्रा ओट्यावर बांधलेला होता. सकाळी नुसती साखळी आणि तुटका पट्टा. काल फॉरेस्टचा गार्ड घरोघर सांगून गेला, दिवस बुडाला की बकऱ्या, कुत्री, सगळं आत घ्या.

आत घ्या. म्हणायला काय जातं.

(मागे नवं पिल्लू. बिस्कुट, चप्पल सोड. सोड.)

आत यायचं नसतं, हे भुऱ्याला पक्कं माहीत आहे. रत्नमालानेच शिकवलं. तो पिल्लू होता तेव्हा त्याचा पाय उंबरठ्यावर पडला की ती पेपरची सुरळी फरशीवर आपटायची. हड. आठवडाभरात शिकला. मग ती पाहुण्यांना दाखवू लागली. मटणाचा तुकडा उंबरठ्याच्या आत ठेवायची, आणि भुऱ्या बाहेर बसून लाळ गाळायचा, पण नख आत टाकायचा नाही. पाहुणे वा म्हणायचे. मग ती तुकडा उचलून बाहेर जायची, त्याला हाताने भरवायची. तिचा नवरा जीवन खाणीत पाळीवरच्या लोकांना सांगायचा, साहेबाच्या कुत्र्यालाही हे जमत नाही.

आज दुपारी तिने मुद्दाम मटण आणलं. तुकडा उंबरठ्याच्या आत ठेवला.

भुऱ्या बसला. ताठ. लाळ गाळत तिच्याकडे बघत राहिला. बघ, नाही येत मी.

"अवो, त्याले वाटते तू परीक्षा घेऊन राहिली," सासू, सुमनबाई, आतल्या खाटेवरून म्हणाली.

"समजते मले."

"मंग काहून ठेवते?"

रत्नमाला तुकडा उचलायला वाकली. आणि

(मटण बिस्कुटने खाल्लं. मग खाटेच्या पायाशी मुतला.)

बिस्कुट तीन महिन्यांचा. रुचिताने, तिच्या मुलीने, तुमसरच्या कॉलेजातून येताना बॅगेत घालून आणला. त्याला आत आणि बाहेर यातला फरक अजून कळलेला नाही. बाहेर नेलं की झोपतो, आत आणलं की मुततो. रुचिता त्याला मोबाईलवर बघून शिकवते.

"आई, ओरडायचं नसते. चांगलं वागला की खाऊ द्यायचा. बस."

"अन् चांगला वागलाच नाही तं?"

"वाट पाहायची."

"हे त्या बिबटाले सांग. म्हणा, वाट पाहा."

जो बाहेर हवा तो आत, जो आत हवा तो बाहेर, आणि दोघांच्या मध्ये रत्नमाला, एका हातात पोतेरं, दुसऱ्या हातात दोरी.

उचलून आणू.

रुचिताने मागून, रत्नमालाने पुढून. म्हातारा झाला तरी वजन तेच. आत टेकवला तसा भुऱ्या थरथरायला लागला. कान खाली. फरशीवर पाय नीट टेकवेना, जणू तापलेला तवा. बसला नाही. पाणी ठेवलं, प्यायला नाही. मग त्याच्या पायांखालून ओघळ आला. अकरा वर्षांत घरात पहिल्यांदा. त्याने ओघळाकडे बघितलं, रत्नमालाकडे बघितलं, आणि दार अर्धवट उघडं होतं त्यातून

गेला.

"बाहेरच राहू दे," सुमनबाई म्हणाली. "इतकी वर्षं राहिला ना बाहेर."

"तवा बिबट नव्हता."

"तवा बी होता. आपल्याले माहीत नव्हता."

रत्नमालाने दोरीचा फास त्याच्या गळ्यात घातला आणि ओढलं. त्याने चारी पाय मातीत रोवले. तिने आणखी ओढलं. भुऱ्या गुरगुरला. तिच्यावर. आवाज ऐकून तोच आधी दचकला.

तिने दोरी टाकून दिली.

"जा मंग. मर तिकडे."

तो दोरी ओढत घराच्या बाजूने मागे निघाला. ती दारात उभी राहिली, मागच्या झाडांत काळोख किती दाटला ते बघत, आणि मग टॉर्च घेऊन त्याच्या मागे पळाली. कारण शब्द तोंडातून गेला होता आणि

(बिस्कुट, तू नको. तू थांब. रुचिता, धर याले.)

क्वार्टरच्या मागे, घरापासून सुटी, न्हाणी आहे. वर स्लॅब, लोखंडी दार, त्याला बाहेरून कडी. भुऱ्या तिथे पोचला. न्हाणीलाही उंबरठा आहे, घराच्यापेक्षा उंच. त्याने तो ओलांडला. सहज, एकेक पाय उचलत, म्हाताऱ्या माणसासारखा. ओल्या फरशीवर जाऊन पडला आणि पंजांवर तोंड टेकवलं.

रत्नमाला टॉर्च धरून बघत राहिली.

या दाराबद्दल त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

इतका सोपा. दुपारपासून ती ओरडली, मटण घातलं, कंबर मोडून घेतली, आणि हा इतका सोपा. तिला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. वाकून तिने त्याच्या गळ्यातला फास काढला. त्याने हात चाटला नाही, मानही वळवली नाही. तिने दार ओढून कडी घातली, ती पुन्हा हलवून बघितली.

"आला का आत?" रुचिताने विचारलं.

"नाही."

"मंग?"

"आंघोळीले गेला."

तेवढ्यात जीवन आला, डोक्यापासून पायापर्यंत खाणीच्या काळ्या धुळीने माखलेला. टॉवेल खांद्यावर टाकून, गरम पाण्याची बादली उचलून तो मागच्या दाराकडे वळला.

"न्हाणीत नका जाऊ," रत्नमाला म्हणाली.

"काहून?"

"भुऱ्या आहे. दार उघडलं तं निघून जाईन. पुन्हा नाही सापडायचा."

"मंग मी आंघोळ कुठं करू?"

तिने मागच्या अंगणातल्या कपडे धुवायच्या दगडाकडे बोट दाखवलं.

जीवनने सुमनबाईकडे बघितलं. सुमनबाईने तोंड फिरवलं. आईही बाजूने नाही म्हटल्यावर तो दगडावर जाऊन बसला. थंडी होती. पहिल्या तांब्यानंतर ओल्या अंगाला वारा लागला तशी त्याच्या तोंडून शिवी निघाली. शेजारी रत्नमाला झाडांवर टॉर्च फिरवत उभी, कुठे डोळे चमकतात का बघत. घरातून बिस्कुट काहीतरी फाडत असल्याचा आवाज येत होता. न्हाणीतून काहीच नाही.

"कुत्रा न्हाणीत, मालक अंगणात," साबण लावत जीवन म्हणाला. "चांगलं शिकवलं तू."

"तुम्ही निदान आत बोलावलं तं येता," रत्नमाला म्हणाली. "आटपा लवकर. टॉर्चची चार्जिंग संपून राहिली."