मंजुश्रीची टेप

मी मोताळ्याचा शालिग्राम. गाण्याच्या बाबतीत माह्याएवढा खडूस माणूस पंचक्रोशीत सापडणार नाही. मोबाईलवर गाणं लागलं का माह्यं डोकं उठते. त्यात आवाज नसते, आवाजाचा भुगा असते. आयकावं तर पहिल्या टेपवरचं, कोणी हात न लावलेलं.

अशी एक टेप माह्यापाशी व्हती. माही बायको मंजुश्री, तिनं म्हटलेलं हळदीचं गाणं. स्पूलच्या रेकॉर्डिंग मशीनवर मीच घेतलं व्हतं. वर्षभरात मंजू गेली. पोरगी प्रेरणा तवा दीड वर्षाची.

समजती झाल्यावर पोरगी मागं लागली. "बाबा, एक डाव तं आईचा आवाज आयकवा." मी म्हणो, "वाजवली का टेप घासते वो माय. तुह्या हळदीले आयकवतो." "मंग कॉपी तं करू द्या." कॉपीचं नाव काढलं का मी अंगावर धावून जाओ. त्यावर कडी म्हंजे, हवा लागू नये म्हणून टेपचा डबा मेणानं बंद केला. भर पावसाळ्यात! अक्कल गहाण ठेवली व्हती मी.

काल तिची हळद झाली. पिवळ्या अंगानंच पोरगी मशीनपुढं येऊन बसली. मी मेण खरडलं, झाकण काढलं. आत कोंडलेल्या ओलीनं टेपचे वेढे एकमेकाले चिकटले व्हते. वर पांढरी बुरशी.

हलक्या हातानं सोडवली, पुसली, लावली. मंजूनं श्वास घेतला. आयकू आला, देवाशपथ आला! अन् मंग नुसती किरकिर. ज्याच्यात आवाज असते तो तपकिरी थरच सुटून मशीनीत पडून राह्यला व्हता. मी टेप उलटी फिरवली, पुन्हा लावली. "मंजू, एक ओळ तरी म्हण वो," म्हणून मशीनीले हात जोडले. टेप तुटली. पाव्हण्यांसमोर मी ढसाढसा रडलो.

प्रेरणानं तुटलेली टेप गोळा करून डब्यात ठेवली. चिडली असती तं बरं झालं असतं.

शेवटी तिच्या मावशीनं, सुचितानं, तेच गाणं धरलं. मंजूची सख्खी बहीण, पण आवाज नाकातला अन् सुराले कच्ची. पोरगी डोळे मिटून आयकत राह्यली. गाणं संपल्यावर माह्याकडं वळली.

"बाबा, आईचा आवाज असाच व्हता का?"

"हाव बाई," मी म्हटलं. "अगदी असाच."