पूर्वेच्या भिंतीवरचे अश्रू

जगाचं पाप अनावर झालं की संत निकोला रडतात. आमच्या इमारतीत ते नोव्हेंबर ते मार्च रडत.

चौथ्या मजल्यावर देसांकाबाईंच्या खोलीत सकाळपासून चाळीसेक माणसं दाटीनं उभी होती. कुलदैवताची तसबीर आमच्याकडे पूर्वेच्या भिंतीवरच लावतात. तिच्या काचेवरून थेंब ओघळत होते आणि विदोसावबाबा, पूर्वीचे चुंबकी गाद्यांचे विक्रेते, ते कापसानं टिपून देसांकाबाईंच्या सहा वर्षांच्या नातीच्या छातीवर चोळत होते. तियाना दोन महिने खोकत होती.

“खिडकी उघडाल तर कृपा उडून जाईल,” बाबा म्हणाले.

हे लगेच पटलं. घरात वाऱ्याचा झोत शिरला की माणूस दगावतो, हे आमच्याकडे शाळेत न जाताही कळतं. देसांकाबाईंनी ऑक्टोबरातच खिडकीच्या फटींना चिकटपट्टी मारली होती. आत दोरीवर कपडे वाळत होते, शेगडीवर कोबी उकळत होता.

मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर स्लावित्सा आल्या. त्यांनी तियानाची छाती तपासली, मग तिच्या खाटेमागचं कपाट पुढे ओढलं. भिंत बुरशीनं काळी झाली होती.

“काकू, पोरीला इथंच झोपवता?”

“संतांच्या पायाशी. आणखी कुठं झोपवू?”

डॉक्टरांनी आतल्या भिंतीवरचा रादोयेचा, म्हणजे देसांकाबाईंच्या दिवंगत नवऱ्याचा फोटो काढला आणि संतांशेजारी टांगला. माणसं श्वास सोडत थांबली. तासाभरात रादोये रडू लागला.

“यालाही संतपद मिळालं,” बाबा म्हणाले.

“कुणाला, रादोयेला?” तळमजल्यावरचा मिलुतिन म्हणाला. “एकोणीस वर्षं माझी शिडी परत केली नाही त्यानं.”

देसांकाबाई बघतच राहिल्या. “आईच्या मयतीला रडला नाही हा. माझ्यासाठी तर कधीच नाही.”

“आताही रडत नाहीये, काकू. ही बाहेरची भिंत, गारठलेली. कपडे, कोबी, या मंडळींचे श्वास, सगळी वाफ इथं येऊन पाणी होते. त्या ओलीत बुरशी वाढते, ती हिच्या छातीत जाते.”

“पण खिडकी उघडली तर मरेल ना ती.”

“दहा मिनिटं. टोपी घालून.”

देसांकाबाईंनी नातीला टोपी घातली, मग चिकटपट्टी ओढून काढली आणि खिडकी उघडली. वारा आत आला तसे सर्वांत आधी बाबा बाहेर पडले, कॉलर कानापर्यंत ओढून.

संत आणि रादोये आतल्या भिंतीवर गेले. तियानाची खाटही तिकडेच सरकली. दोघेही पुन्हा रडले नाहीत. अश्रू बघायला चाळीस जण आले होते. भिंतीला हात लावून बघावं, असं एकालाही वाटलं नव्हतं. त्याला सिद्धी लागत नाही, तळहात पुरतो.

तियानाचा खोकला मार्चपर्यंत कमी झाला. भिंत सोळा सेंटिमीटर काँक्रीटची आहे. तिला बाहेरून ऊब धरणारं अस्तर लावायचं की नाही, हे इमारतीनं अजून ठरवलेलं नाही.