डिस्प्लेची काळी तार

मी या घरात सून म्हणून आले आणि टेलिफोन म्हणून कामाला लागले. आमचे हे आणि माझे धाकटे दीर एकाच खोलीत बसून गेमच्या मशिनी दुरुस्त करतात, आणि वर्षभर एकमेकांशी चकार शब्द बोललेले नाहीत. "त्याला सांग, पंखा बंद कर म्हणावं." "वहिनी, त्यांना सांगा, मला उकडतंय." दोघांच्या टेबलांत हातभर अंतर, मधे मी.

कारण म्हणाल तर एक वाक्य. गिऱ्हाइकासमोर हे बोलून गेले, "दुरुस्ती मी करतो, तो नुसती झाकणं उघडतो." भाऊजींनी तोंडाला कुलूप लावलं. आपलं चुकलं हे ह्यांनाही कळत होतं, पण माफी मागायची तर आधी बोलावं लागतं, आणि आधी कोणी बोलायचं यावर गाडी अडली. मला दोघांचाही वीट आला होता.

आता भाऊजींनी पलीकडच्या रस्त्यावर गाळा घेतला होता. सकाळी त्यांचं टेबल हलणार होतं. एकदा ते गेलं की भावांमधलं उरलंसुरलंही संपणार, कारण निरोप घेऊन रस्ता ओलांडायची माझी तयारी नव्हती.

वाटणीत जुना गेम कॉन्सोल भाऊजींकडे आला. दोघांनी मिळून त्याचे फार लाड केले होते. मोठी डिस्क, जादा पंखा, आतली चिप बदललेली. पुढच्या झाकणाला एक चौकोनही कापून ठेवला होता. त्यात अक्षरं दाखवणारा छोटा डिस्प्ले बसायचा होता, म्हणजे टीव्ही न लावता कळावं की कोणता गेम चालू आहे आणि आत किती तापलंय. भांडण झालं आणि चौकोन तसाच बोडका राहिला. त्या दुपारी भाऊजींनी खणातून डिस्प्ले काढला.

"वहिनी, कागदावरचं जरा वाचा. जोडूनच नेतो."

मी वाचत गेले. काळी तार डिस्प्लेच्या पहिल्या छिद्रात, लाल दुसऱ्यात. भाऊजी कडेपासून छिद्रं मोजत एकेक तार सोल्डर करत होते. पलीकडे ह्यांचं काहीतरी बिनसलं. आधी उगाच खोकले. मग हातातला चिमटा पडला.

"त्याला सांग, घाई करू नको म्हणावं."

"सांगा त्यांना, घाई नाही."

"एकदा मोजून बघ म्हणावं."

"मोजलंय म्हणावं."

माझ्या बाळंतपणातही हे इतके कासावीस झाले नव्हते. काय ते सरळ मला सांगितलं असतं तर मी पुढे सांगितलं असतं. पण नाही, माणूस नुसता खुर्चीत चुळबुळतोय. शेवटची तार लागली. भाऊजींनी प्लग लावला आणि बटणावर बोट ठेवलं.

"अरे गाढवा, थांब!"

हे उभे राहून ओरडले होते. थेट, माझ्या डोक्यावरून.

"कडेची दोन छिद्रं नुसती डिस्प्लेमागच्या दिव्याची! मोजायचं तिसऱ्यापासून! मागे असाच एक जाळला होतास, विसरलास?"

"विसरेन कसा?" भाऊजी शांतपणे म्हणाले. बोट बटणावरच होतं.

ह्यांना उमगायला जरा वेळ लागला. मलाही लागला.

"म्हणजे मुद्दाम जोडलंस?"

"हो."

"आणि मी बोललो नसतो तर?"

"तर दाबलं असतं, दादा."

ह्यांनी स्टूल ओढलं आणि भाऊजींच्या टेबलाशी बसून हात पुढे केला. "आण ते सोल्डरिंग आयर्न. मी करून देतो."

भाऊजींनी दिलं नाही. "जोडणार मी. तू सांग."

ह्यांचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग मांडीवर आला. हे म्हणाले, "काळी. कडेपासून तिसरं छिद्र."

टेबल सकाळी जायचं होतं ते जाणारच होतं. मी कागद खाली ठेवला. मला रडू आलं आणि ते लपवायची गरजही नव्हती, माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं.