वर जाऊन संपणारी लाइन

प्रदर्शनाला जायचं विमलनं ठरवलं. हिरामणला विचारलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. ती हो म्हणणारी मान होती की नाही म्हणणारी, ते तिला कळलं नाही. तिनं ते हो धरलं, कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला आणि आधी त्याचा उजवा हात बाहीत घातला, मग डावा.

दिवाळीनंतर हिरामणला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन तो आता अंगणात फिरायचा. हात आला नाही. जीभ आली होती, पण शब्द चिखलातून पाय काढावा तसे निघायचे. समोरच्यानं दोनदा "काय?" म्हटलं की तो गप्प व्हायचा. मग त्यानं बोलणंच सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलत राहा. तो टीव्हीसमोर बसून राहायचा. दुःख होत होतं असंही नव्हतं. कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं, पण आत काही हलतच नव्हतं.

त्याआधी तो खोपोलीजवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि घरी आला की छोटी रेल्वे बनवायचा. मागच्या पडवीत त्यानं कर्जतहून वर चढणारा घाट उभा केला होता. इंजिनांतल्या मोटारी तेवढ्या विकत आणलेल्या, बाकी सगळं पुठ्ठा, पत्रा आणि सायकलच्या तारा. संध्याकाळी तो काम करायचा आणि विमल शेजारी बसून तांदूळ निवडायची, लसूण सोलायची. तो बोलत राहायचा. ती हूं म्हणायची.

नेरळला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा हरेशही याच नादातला. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी कर्जतला एका मंगल कार्यालयात छोट्या रेल्वेंचं प्रदर्शन भरवलं होतं. हिरामणचा घाट त्यानं टेंपोतून आधीच नेला होता.

दोघं एसटीनं कर्जतला उतरली, रिक्षा केली. कार्यालयाच्या दारात हरेश पुढं आला.

"काका, या. बरं वाटतंय ना आता?" तो मोठ्यानं म्हणाला, जणू झटका कानांना आला होता.

"बरं हाय त्यांना," विमल म्हणाली.

आत पांढरी कापडं घातलेल्या टेबलांवर गाड्या फिरत होत्या. पहिल्याच टेबलावर माथेरानची गाडी होती, काडेपेटीएवढे डबे, वळणावर वळण. लोक वाकून फोटो काढत होते. पलीकडे पुण्याच्या एका डॉक्टरांनी परदेशातून आणलेली इंजिनं मांडली होती. एकातून खरोखरचा धूर निघत होता. पूर्वी असं इंजिन दिसलं असतं तर हिरामण टेबलाला गाल टेकून खालची चाकं बघत बसला असता. आता तो उभा राहिला, इंजिन एक फेरी मारून गेलं, दुसरी मारून गेलं. चांगलं आहे, असं त्याला वाटलं. भिंतीवरच्या कॅलेंडरातलं चित्र चांगलं असतं तसं.

"बसता का जरा?" विमलनं विचारलं.

तो चालत राहिला.

त्याचा घाट अगदी शेवटच्या भिंतीला होता. हरेशनं वायर जोडून ठेवल्या होत्या आणि मालगाडी चढणीला लागली होती. एरवी आपण केलेलं काम परक्या जागी बघताना माणसाला काहीतरी वाटतं. हिरामणनं पाहिलं, पूल जागेवर आहे, बोगदा जागेवर आहे. हरेशनं दिलेल्या खुर्चीत तो बसला आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

लोक जमले. चष्मा लावलेला एक माणूस पुढं आला, बदलापूरचा, स्वतःही गाड्या बनवणारा. त्यानं हिरामणकडे बघून विचारलं, "मागे इंजिनं का लावलीत?"

हिरामण गाडीकडेच बघत राहिला. माणूस थांबला, मग अवघडला.

"ढकलायला," विमल म्हणाली. "पुढचं एकलं वर नेऊ शकत नाय. कर्जतला मागं जोडतात, वर नेऊन सोडतात, मग ती रिकामी खाली येतात."

"हा डोंगर कशाचा केलाय? फारच खरा वाटतो."

"माजी साडी हाय ती. जुनी. प्लॅस्टरात बुडवली, मंग आत जाळी लावून तिच्यावर टाकली. वरचं गवात म्हंजे लाकडाचा भुसा, हिरवा रंग लावल्याला."

माणूस हसला. बाकीचेही वाकून साडीची घडी शोधू लागले. विमलनं पदर सावरला आणि बोगद्यांची नावं, कुठला सिग्नल कधी लाल होतो, रूळ कुठून आणले, सगळं सांगत गेली. मध्येच अडखळायची, वर बघून आठवायची, पुन्हा बोलायची. हिरामण तिच्याकडे बघत होता. इतकी वर्षं आपण भिंतीशी बोलतोय असं त्यानं धरलं होतं.

"आणि ही लाइन?" बदलापूरच्या माणसानं बोट दाखवलं. मुख्य रुळापासून एक फाटा निघून डोंगरावर सरळ वर चढत होता आणि मातीच्या ढिगापाशी संपत होता. पुढं स्टेशन नाही, काही नाही. "ही कुठेच जात नाही."

"ती ऱ्हायली," विमल हळू म्हणाली. "तेवढं करायचं ऱ्हायलं. मंग यांना हे असं झालं."

माणसाचा चेहरा उतरला, त्यानं हळहळल्यासारखी मान हलवली. शेजारची बाईही "अरेरे" म्हणाली.

"नाय," हिरामण म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. विमल वळली.

"पुरी... हाय ती."

"काय म्हणाले?" माणसानं विमलला विचारलं.

विमल हिरामणकडेच बघत राहिली. त्याच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात शब्द गोळा होत होता.

"खाली... उतरताना बिरेक गेला... गाडीचा... तर." त्यानं श्वास घेतला. लाळ आली, ती त्यानं बाहीला पुसली. "तर तिकडं घालतात. चढाव... असतो. चढून चढून... आपोआप थांबते."

"कॅच सायडिंग," बदलापूरचा माणूस म्हणाला. "हां, खरंच की. माझ्या लक्षातच आलं नाही."

हिरामणनं मान हलवली. कपाळावर घाम आला होता. मागं कुणीतरी माथेरानच्या गाडीला टाळ्या वाजवल्या आणि गर्दी तिकडं सरकली. बदलापूरचा माणूस मात्र थांबला. त्यानं फाट्याचा चढ किती ठेवलाय ते विचारलं. हिरामणनं डावा पंजा तिरका धरून दाखवला. माणसानंही आपला पंजा तसाच धरला. "एवढा?" हिरामणनं आपला थोडा वर केला.

चार वाजायच्या सुमाराला विमल म्हणाली, एसटी चुकेल. हरेश दारापर्यंत आला. "काकी, उद्या पण आहे प्रदर्शन. आणाल का काकांना?"

विमलनं हिरामणकडे पाहिलं. हिरामणला उत्तर द्यायला वेळ लागला.

"बघू," तो म्हणाला.

एसटीत दोघांना शेजारी जागा मिळाली. विमल खिडकीपाशी नको म्हणाली, ऊन लागतं, म्हणून ती त्याच्या उजवीकडे आतल्या बाजूला बसली.

"मला नाय कदी सांगितलं ते," ती म्हणाली. "मी आपली इतके दिस ती लाइन बगून..." पुढचं तिनं सोडून दिलं.

त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण जीभ दमली होती. खरं तर त्यानं ते सांगितलं होतं, आणि तेव्हा ती दूध उतू जाईल म्हणून उठून गेली होती. ते आता सांगण्यात अर्थ नव्हता. बाहेर भाताची रिकामी खाचरं, नव्या सोसायट्यांच्या जाहिराती, एक वीटभट्टी. आनंद झाला म्हणावं असं काही त्याला वाटत नव्हतं. दमल्यासारखं वाटत होतं, आणि दमणंही त्याला बरेच दिवस जाणवलं नव्हतं.

त्यांचा थांबा यायच्या आधी त्यानं वळून पाहिलं तर विमल झोपली होती. तिचं डोकं त्याच्या उजव्या खांद्यावर टेकलं होतं. वजन त्याला कळलं नव्हतं. तो तसाच ताठ बसून राहिला. कंडक्टरनं घंटी मारली, पुढची माणसं उठली.

"विमल," तो म्हणाला. आवाज नीट निघाला नाही, म्हणून त्यानं पुन्हा हाक मारली.

"विमल. उतरायचं हाय गं."