घर घाट चढलं

मी एक छोटं, डिझेलवर चालणारं, फिरतं घर आहे. माझा मुक्काम भोपाळच्या सोनागिरीत, एका कडुलिंबाखाली असतो. मित्रांनो, माझी गोष्ट सांगायला बसलो की पहिल्याच वाक्याला भांडण होतं, कारण मी एक नाही, दोन आहे. पुढे इंजिन, स्टिअरिंग आणि चाकं, ती गाडी. मागे पलंग, ओटा आणि बाथरूम, ते घर. दोघांनाही बोलायचं असतं. म्हणून ज्याची पाळी असेल त्याचं नाव वर लिहिलं आहे. मध्येच कुणी तोंड घातलं तर रागावू नका. आम्ही एकाच पत्र्याच्या आत राहतो.

गाडी

थोरली मी. घर जन्मायच्या आधी मी औषधांची खोकी वाहायचे. मंडीदीपहून भरायची आणि गावोगावच्या दुकानांत उतरवायची, एवढंच माझं जग होतं. मग मालकाने नव्या गाड्या घेतल्या आणि मी गोविंदपुऱ्यात जुन्या गाड्यांच्या एका आवारात येऊन पडले. माझ्या एका बाजूला एक लांबलचक बस उभी होती. तिच्या काचा रंगीत होत्या. गिऱ्हाईक आलं की आधी तिच्याकडे जायचं.

एके दिवशी यशवंतराव आणि उषाताई आले. यशवंतराव मूळचे अमरावतीचे. भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात ते फोरमन होते. सगळी नोकरी त्यांनी पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहून केली आणि निवृत्त झाल्यावर सोनागिरीत घर घेतलं. उषाताई तिथल्याच शाळेत भूगोल शिकवायच्या.

त्यांना फिरतं घर हवं होतं, आणि ते हौस म्हणून नव्हे. शाळेत शिकवत असतानाच उषाताईंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्यांना बाथरूम कायम हाताशी लागायची, आणि लागली की लगेच लागायची. त्यामुळे बस बंद झाली, आगगाडी बंद झाली, लग्नकार्यं बंद झाली. शाळेची सहल दर हिवाळ्यात पचमढीला जायची. उषाताई मुलांना सहलीआधी फळ्यावर सातपुडा काढून दाखवायच्या, त्याचं सर्वांत उंच टोक म्हणजे धूपगड, हे सांगायच्या आणि बस सुटताना गेटपाशी उभ्या राहून हात हलवायच्या. मुलं परत येऊन त्यांना फोटो दाखवायची. ज्या बाईंनी शेकडो मुलांना धूपगड शिकवला, त्यांनी तो पाहिला नव्हता. त्यांना तो पाहायचा होता.

यशवंतराव थेट त्या रंगीत काचांच्या बसकडे गेले. पुण्याहून त्यांचा मुलगा सौरभ फोनवर सगळं बघत होता. तोही म्हणाला, बाबा, मोठीच घ्या, परत परत घेणं होत नाही. उषाताईंनी वाद घातला नाही. त्यांनी पर्समधून खडू काढला. बसमध्ये चढल्या, उतरल्या. माझ्यात चढल्या. माझ्या रिकाम्या फरशीवर त्यांनी खडूने एक चौकोन काढला आणि त्यात उभ्या राहिल्या. साडी सावरून एक गिरकी घेतली. मग खाली बसल्या, उठल्या. आवारातला दलाल दारातून बघत म्हणाला, "मॅडम, ये तो छोटी है."

"छोटी तो मैं भी हूं," उषाताई म्हणाल्या.

मग त्या यशवंतरावांना म्हणाल्या, की आपल्या गल्लीत दुधाचा टेम्पो वळायला लागला तरी लोक गंमत बघायला बाल्कनीत येतात. ही बस तुम्ही कुठे वळवणार? यशवंतरावांनी बसकडे शेवटचं पाहिलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी निवडलं, ते मी लहान आहे म्हणून.

घर

आता मी. माझा जन्म गजाननकाकांच्या शेडमध्ये झाला. गजाननकाका यशवंतरावांचे कारखान्यातले जुने सोबती. निवृत्तीनंतर त्यांनी गोविंदपुऱ्यात वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप टाकलं आहे. यशवंतरावांनी ठरवलं, आतलं सगळं काम स्वतःच्या हाताने करायचं. किती मन लावून त्यांनी मला घडवलं! उषाताईंच्या खडूच्या चौकोनावर माझी बाथरूम उभी राहिली. तिच्यात खालून ओढून काढता येणारी मैल्याची पेटी बसली. छोटा ओटा आला, पाण्याची टाकी आली, छतावर सौर पॅनेल आलं. आरटीओत रीतसर नोंदही झाली.

पण ही माणसं कोण, हे लक्षात घ्या. आयुष्यभर ज्यांनी घराएवढी यंत्रं बनवली, ती ही माणसं. त्यांच्या कारखान्यात एक सवय असते. हिशोबाने जेवढा जाड पत्रा लागेल, त्याच्या पुढच्या नंबरचा, म्हणजे आणखी जाड लावायचा. उगाच जोखीम नको. यशवंतरावांनी माझा पलंग लोखंडी चॅनलचा केला. बाथरूमच्या भिंती जाड प्लेटच्या केल्या. कपाटांनाही प्लेट, टाकीलाही प्लेट. मागच्या कोपऱ्यात एक बाक ठोकला आणि त्यावर ओतीव लोखंडाचा वाईस बसवला. लोखंडाचा तुकडा पकडून ठेवणारं ते अवजार त्यांना निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी दिलं होतं.

गजाननकाका वेल्डिंगची काच वर करून म्हणाले, "काहून बे यशवंता, या पलंगावर वहिनी झोपणार आहेत की टर्बाइन?"

असं म्हणून त्यांनी स्वतःच आणखी दोन आडवे रॉड जोडले. तेही त्याच कारखान्यातले ना.

मी खूश होतो. कुठे ठोकलं तरी माझ्यातून देवळाच्या घंटेसारखा आवाज यायचा.

गाडी (मध्येच)

आणि हे सगळं पाठीवर घेणार कोण, हे कुणी विचारलंच नाही.

घर

थांब, तुझी पाळी येते आहे.

पचमढीच्या पहिल्या सहलीचा निम्म्याहून जास्त रस्ता सोन्याचा होता. औबेदुल्लागंज गेलं, बुधनी गेली. नर्मदेच्या पुलावर उषाताईंनी हात जोडले. सोहागपूरच्या पुढे त्या हळूच म्हणाल्या, "अहो, थांबवा जरा." गाडी कडेला थांबली. उषाताई मागे आल्या, माझं दार लावून घेतलं आणि थोड्याच वेळात पुन्हा पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. कुठे ढाबा शोधला नाही, कुणाला विचारलं नाही, कुणी थांबून राहिलं नाही. पुढे कितीतरी वेळ त्या नुसत्या खिडकीबाहेर बघून हसत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

गाडी

मटकुलीनंतर घाट लागतो.

पहिलं वळण मी घेतलं. दुसरं घेतलं. तिसऱ्याला मला कळलं की माझ्या मागे घर नाही, किल्ला आहे. यशवंतरावांनी पहिला गिअर टाकला. इंजिनाचा काटा लालात गेला. मग जळक्या रबरासारखा वास आला. क्लच प्लेट गेली होती. मागून येणाऱ्या जीप हॉर्न वाजवत पुढे निघून गेल्या, त्यांतल्या पोरांनी टाटा केला. यशवंतराव चाकांना दगड लावत होते. उषाताई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून वर बघत होत्या. डोंगर समोर होता.

आम्हाला दोर बांधून खाली आणलं. दोर, मित्रांनो.

घर

पुढचे महिने सांगायला मला आवडत नाही. कडुलिंबाखाली आमच्यावर ताडपत्री पडली. शेजाऱ्यांनी तिच्यावर पापड वाळत घातले. धुळीत कुणीतरी बोटाने 'बिकाऊ है' लिहिलं. पानवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की साहेबांनी बंगला घेतलाय, फक्त त्याला चाकं शोभेची आहेत. यशवंतराव घरातून निघाले की मान दुसरीकडे वळवून जायचे. गिऱ्हाईक शोधा, असं त्यांनी त्या दलालाला सांगूनही टाकलं.

उषाताई मात्र दुपारी यायच्या. ताडपत्रीचं टोक उचलून आत बसायच्या, फडकं मारायच्या, चहा करायच्या. एकदा यशवंतराव त्यांना बोलवायला आले. तेव्हा जे बोलणं झालं, ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"तुम्ही कुणावर रागावलात?" उषाताईंनी विचारलं.

"गाडीवर. दम नाही तिच्यात."

"तिचं काय चुकलं हो? तुम्ही तिला कारखाना समजलात."

यशवंतराव आत चढले. मग त्यांनी पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून उचलून पाहिली. पलंग हलला नाही.

गाडी

दुसऱ्या दिवशी ते मला नव्या क्लचवर हळूहळू धर्मकाट्यावर घेऊन गेले. धर्मकाटा म्हणजे ट्रकचं वजन करण्याची जागा. काटेवाल्याने आकडा वाचला, खिडकीतून डोकं बाहेर काढून मला एकदा नीट पाहिलं आणि खास भोपाळी थाटात म्हणाला, "को खां, पूरी फैक्टरी उठा लाए क्या?"

यशवंतरावांना राग आला नाही. ते हसले. फार दिवसांनी हसले.

घर

मग शेडमध्ये बैठक बसली. सौरभ फोनवर होता. त्याने सरळ हिशोब मांडला. सगळ्यात जड बाथरूम आहे, भिंती, टाकी, पेटी सगळं मिळून. ती काढा. हायवेवर आता पेट्रोलपंप आहेत, हॉटेलं आहेत, आईची सोय होईल. गजाननकाकांनी मान डोलावली. उषाताई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, की तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या. मित्रांनो, बाथरूम निघाली असती तर गाडी घाट चढली असती. पण उषाताई तिच्यात बसल्या नसत्या.

यशवंतरावांनी लोखंड कापायचा ग्राइंडर उचलला. माझ्या आत चढले. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत.

ठिणग्या उडाल्या. पहिला तुटला तो बाक. वाईससकट.

"अरे, तो तर तुझा..." गजाननकाका म्हणाले.

"घाटात मला काय पकडून ठेवायचंय?" यशवंतराव म्हणाले. "खाली घे."

मग पलंगाचा चॅनल गेला. कपाटांच्या प्लेट गेल्या. एकेक तुकडा शेडच्या जमिनीवर पडत होता, आणि घंटेसारखा वाजत होता. ती माझीच हाडं होती. बाथरूमपाशी मात्र त्यांनी ग्राइंडर बंद केला. भिंतींचे नटबोल्ट पान्याने एकेक करून खोलले. त्या जागी पातळ अॅल्युमिनियमच्या भिंती उभ्या केल्या, तसंच हलकं दार लावलं, लोखंडी टाकीऐवजी प्लॅस्टिकची टाकी बसवली. खडूच्या चौकोनातलं एक बोटही कमी केलं नाही. पलंग प्लायवूडचा झाला. प्रत्येक वस्तू आत घेण्याआधी ते हातावर तोलायचे, आणि पुढच्या नंबरची नाही, मागच्या नंबरची घ्यायचे. गजाननकाका चिडवायचे, की यशवंता, इतकी वर्षं साहेबांना काय सांगत होतास?

सगळं झाल्यावर उषाताई आत गेल्या. दार लावलं. आतून त्यांनी भिंतीवर टिचकी मारली. घंटा वाजली नाही. डब्यासारखा हलका आवाज आला. मला तो आधी लाजिरवाणा वाटला. मग दार उघडून त्या बाहेर आल्या, आणि त्यांचा चेहरा पाहून मी लाजणं सोडून दिलं.

गाडी

हिवाळा. तोच रस्ता. मटकुली.

पहिलं वळण. दुसरं. तिसरं, जिथे दगड लावले होते. यशवंतरावांनी गिअर दुसऱ्यात ठेवला आणि पाय दाबला. काटा मधोमध उभा. मी गेले. मित्रांनो, मी गेले! डिझेलच्या इंजिनाची एक गंमत असते. ते ओरडत नाही, घाई करत नाही, खालून खांदा लावतं. साल, साग, तांबडे कडे मागे सरत होते. उषाताई बोलत होत्या. हा वालुकाश्म, हे बघा थर कसे आडवे आहेत, अहो, रस्त्याकडे बघा, मी सांगते तुम्हाला. एका वळणावर जीप आडवी थांबली होती, तिच्या बॉनेटमधून वाफ येत होती. आम्ही तिच्या शेजारून निघून गेलो. मी हॉर्न वाजवला नाही. यशवंतरावांनी वाजवला.

घर आणि गाडी

घाटाच्या मध्ये एका रुंद जागी आम्ही थांबलो. पुढचं चाक दगडाला टेकवलं, हँडब्रेक ओढला. उषाताई मागे गेल्या, परत आल्या. ओट्यावर चहा झाला. उतारावर कप थोडे तिरपे झाले, पण सांडले नाहीत. त्या दिवशी आमच्यात भांडण झालं नाही. चढलं कोण, गाडी की घर, हे कुणी विचारलंच नाही.

धूपगडापर्यंत आम्हाला जाता येत नाही. तिथे पचमढीची जीपच नेते. संध्याकाळी ते दोघं जीपने गेले आणि आम्ही खाली झाडाखाली थांबलो. काळजी वाटत होती. अंधार पडायच्या सुमाराला उषाताई आल्या, आधी आमच्या आत धावल्या, मग शांतपणे पायरीवर येऊन बसल्या. यशवंतरावांनी विचारलं, काय, कसा वाटला तुमचा धूपगड?

"मी मुलांना सगळं चुकीचं शिकवलं," त्या म्हणाल्या. "मी एक रेघ काढायचे. तो रेघेत नाहीच. एकामागे एक डोंगर, त्याच्यामागे आणखी एक, संपतच नाही." आणि हे त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या, की चुकण्याचा एवढा आनंद झालेला माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

आता आमची धूळ पुसायला रोज कुणी ना कुणी असतं. सकाळी मैल्याची पेटी ओढून न्यायचं काम यशवंतराव करतात. न सांगता, न बोलता, दुसरं कुणी उठायच्या आत. त्यांच्या एवढ्या मोठ्या नोकरीत त्यांना जे कौतुक मिळालं नसेल, ते त्या पेटीमुळे आम्ही त्यांचं करतो. पानवाला हल्ली सांगतो की ही गाडी घेताना सल्ला त्यानेच दिला होता.

मित्रांनो, सोनागिरीला आलात तर आम्हाला बघायला जरूर या. आत चढा, पलंगावर बसा, उषाताईंना डोंगरांबद्दल विचारा. त्या सोडणार नाहीत. चपला मात्र बाहेर काढा, टाकीतलं पाणी जपून वापरा, टायरमधली हवा कमी दिसली तर यशवंतरावांना सांगा. आणि बाथरूमचं दार हळू लावा. ते पातळ आहे. आमच्यात सगळ्यात नाजूक तेच आहे, आणि त्याच्याच जोरावर आम्ही वर गेलो.